दुर्बिणीपूर्वीची कोष्ठशुद्धी



वसंत व्याख्यानमालेचा श्रोता मोठा सोशिक आणि तितकाच चोखंदळ असतो. वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत सारे विषय तो मांडी घालून ऐकतो. तरीसुद्धा आजच्या विषयाची पाटी वाचून आपल्यापैकी कित्येकांच्या मनात आले असेल की, हा विषय सभेत बोलण्याजोगा आहे काय? पोटाच्या तक्रारी आपल्याकडे स्वयंपाकघरात बोलल्या जातात, औषधाच्या दुकानात दबक्या आवाजात सांगितल्या जातात. भर मंडपात त्यांचा उच्चार होत नाही. आमचे म्हणणे असे की, ज्या गोष्टीविषयी माणसे बोलायला लाजतात, तिच्याविषयीच गैरसमज सर्वांत अधिक साचतात. भीड ही भिकेची बहीण, अशी आपल्याकडे म्हण आहे. आरोग्याच्या बाबतीत ती भीड जिवावरही बेतते. म्हणून आज ती थोडा वेळ बाजूला ठेवावी, एवढी आपणांस प्रथमच विनंती आहे.

मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, हा शब्द आता घरोघर माहीत झाला आहे. शौचावाटे रक्त जाणे, पूर्वीची सवय अचानक बदलणे, कारणावाचून अंगातले रक्त कमी होणे, घराण्यात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे, अशा प्रसंगी डॉक्टर ही तपासणी सुचवतात. आपले मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब. एक लवचीक नळी गुदद्वारातून आत सरकवीत, जेथे लहान आतडे येऊन मिळते त्या उंडुकापर्यंत नेतात आणि परत येताना आतड्याची आतली भिंत बारकाईने पाहतात. काचेच्या केसासारख्या तंतूंच्या जुडग्यातून प्रतिबिंब वळणावळणाने नेता येते, हे लंडनमध्ये हॉपकिन्स आणि पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी 1954 साली दाखवून दिले. त्या तंतूंपासून पुढे लवचीक दुर्बिणी झाल्या. 1969 साली न्यूयॉर्कमध्ये वुल्फ आणि शिन्या या शस्त्रवैद्यांनी अशा दुर्बिणीतून तारेचा फास टाकून आतड्यातला मांसांकुर, ज्याला पॉलिप म्हणतात तो, पोट न फाडता काढून दाखवला.

या गोष्टीचे महत्त्व ध्यानात घ्यावे. मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुतेक वेळा एका रात्रीत उपटत नाही. आधी लहानसा मांसांकुर येतो, तो वाढतो, आणि त्यांतल्या काहींचे पुढे, पुष्कळदा दहा-बारा वर्षांनी, कर्करोगात रूपांतर होते. तो अंकुर वेळीच खुडला तर पुढचा अनर्थ टळतो. म्हणजे ही तपासणी रोग शोधते आणि काही अंशी रोग होऊही देत नाही.

परंतु दुर्बीण कितीही उत्तम असली आणि ती धरणारा हात कितीही कसबी असला, तरी मळाच्या पलीकडचे तिला दिसत नाही. आषाढातल्या ढगाळ रात्री उत्तमातली उत्तम दुर्बीण आकाशाकडे रोखली तरी तारे थोडेच दिसणार? तीच गत येथे होते. त्यातही उजव्या बाजूच्या आतड्यातले काही अंकुर देठाचे नसतात. ते भिंतीला चिकटून चपटे पसरलेले असतात. वर पातळसा थर जरी राहिला तरी ते नजरेतून निसटतात. आतडे फारच मळकट असले तर तपासणी सोडून द्यावी लागते आणि रोग्याला तेच दिव्य पुन्हा करावे लागते. हे नुकसान निदान उघड असते. खरे भय दुसऱ्याच प्रकाराचे वाटते. आतडे अर्धवट साफ असताना तपासणी पुरी होते, ‘दोष आढळला नाही’ असा कागद हाती पडतो, आणि माणूस निर्धास्त होतो. विशेष धोका नसलेल्या माणसाची तपासणी निर्दोष निघाली तर पुढची दहा वर्षांनी केली तरी चालते, असा अनेक देशांतला नियम आहे. पण हा नियम नीट साफ झालेल्या आतड्यासाठी आहे. ही अट कोणी वाचत नाही आणि कागद मात्र जपून ठेवला जातो.

म्हणून आमचे आजचे मुख्य सांगणे असे की, या तपासणीचा पहिला अर्धा भाग रुग्णालयात होत नसून आपल्या घरात, आपल्याच हातून होतो. तो कसा करावा, त्याची साधने कोणती, आणि त्यांत आपल्यासाठी कोणते बरे, एवढाच आज विचार करायचा आहे.

पोट साफ करण्याची विद्या आपल्याला नवी नाही. आयुर्वेदाने विरेचन सांगितले, आणि सर्वांना एकच मात्रा लागू पडत नाही हेही सांगितले. मृदू, मध्य आणि क्रूर असे कोष्ठाचे तीन प्रकार त्याने केले. आपण आजही ‘त्याचा कोठा जड आहे’, ‘तिचा कोठा हलका आहे’ असे म्हणतो, ते त्याच परंपरेतले. महिन्याकाठी नाक धरून एरंडेल पाजणारी आजी पुष्कळांना आठवत असेल. तेव्हा काही श्रोते विचारतील की, मग एरंडेल किंवा सोनामुखी घेऊन भागणार नाही काय? नाही भागणार. ही औषधे आतड्याला चेतवून साचलेला मळ बाहेर लोटतात. त्यांनी पोट हलके होते, पण भिंत धुतली जात नाही. पोट हलके होणे आणि भिंत स्वच्छ दिसणे यांत अंगण झाडणे आणि अंगण धुणे यांच्याइतके अंतर आहे. एनिमाचेही तसेच. त्याचे पाणी डाव्या बाजूच्या शेवटच्या भागापर्यंत पोचते. उजवी बाजू त्याला फारशी लागतच नाही.

सुरुवातीच्या काळात डॉक्टरही असेच करीत. दोन-तीन दिवस पातळ आहार, मग एरंडेल, मग एनिमावर एनिमा. रोगी थकून जाई. पुढे 1970 च्या सुमारास, नाकातून नळी घालून मिठाचे पाणी कित्येक लिटर सोडण्याचा प्रयोग झाला. आतडे साफ होई, पण त्या पाण्यातले मीठ आणि पाणी अंगात मुरे, आणि हृदय वा मूत्रपिंड दुबळे असलेल्याला ते सोसत नसे. मग मॅनिटॉल हा साखरेच्या जातीचा पदार्थ पुढे आला. तो गोड, पिण्यास सोपा. परंतु आतड्यातले जंतू त्याला आंबवतात आणि त्यापासून हायड्रोजन वायू होतो. 1979 साली फ्रान्समधून एक वृत्तांत प्रसिद्ध झाला: मॅनिटॉल घेतलेल्या एका रोग्याचा अंकुर विजेच्या फासाने कापताना आतड्यात स्फोट होऊन तो दगावला. अंकुर कापण्याचा प्रसंग येऊ शकतो अशा तपासणीपूर्वी आंबणारे पदार्थ नकोत, हा धडा तेव्हापासून पक्का झाला.

खरी वाट 1980 साली सापडली. अमेरिकेतील डॅलस येथे फोर्डट्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाच्या पदार्थाचे द्रावण तयार केले. या पदार्थाचा रेणू इतका मोठा की, तो आतड्यातून अंगात जवळजवळ शोषला जात नाही. आणि तो आपल्याबरोबर पाणी धरून ठेवतो. त्यात क्षार अशा बेताने मिसळले की, अंगातून पाणी बाहेर ओढले जाऊ नये आणि बाहेरचे अंगात मुरू नये. पाटाला पाणी सोडले म्हणजे ते जसे काडीकचरा घेऊन शेवटापर्यंत वाहत जाते, तसे हे द्रावण तोंडातून शिरते आणि वाटेतला मळ घेऊन खाली उतरते. म्हणूनच मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार असलेल्यांसाठी आजही डॉक्टरांची पहिली पसंती बहुधा यालाच असते. त्याचे वैगुण्य दोन शब्दांत सांगता येते: चव आणि माप. चव खारट-बुळबुळीत, आणि मूळ माप चार लिटरांचे! चार लिटर म्हणजे घरातला मोठा तांब्या चार वेळा भरून रिता करणे. पुष्कळ माणसे तिसऱ्या लिटराला हात टेकतात.

म्हणून पुढे दोन लिटरांची द्रावणे निघाली. आपल्याकडेही दोन लिटर पाण्यात विरघळवण्याची पुडी सर्रास मिळते. काही दोन लिटरी द्रावणांत क-जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात घालतात. जे अंगात शोषले जात नाही ते आतड्यात पाणी ओढून मदत करते. साधारण प्रकृतीच्या माणसाचे आतडे दोन लिटरांतही चांगले साफ होते, असे आता पुष्कळ अभ्यासांनंतर मानले जाते. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संस्थांनी 2025 साली दिलेल्या सल्ल्यातही हेच आहे. मात्र जी-सिक्स-पी-डी नावाच्या द्रव्याची ज्यांच्या रक्तात जन्मतः कमतरता असते, त्यांना क-जीवनसत्त्वाची मोठी मात्रा बाधू शकते. आपल्याकडे पारशी समाजात आणि इतरही काही समाजांत ही कमतरता आढळते. घरात कोणाला तसे सांगितलेले असेल तर डॉक्टरांना आधी कळवावे.

दुसरा वर्ग आहे थोड्या मापाच्या, तीव्र औषधांचा. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावून ठेवले की तिला पाणी सुटते, हे गृहिणींना सांगायला नको. ही औषधे तेच करतात. अंगातले पाणी आतड्यात ओढून आणतात. सोडियम पिकोसल्फेट आणि मॅग्नेशियम सायट्रेट यांची जोडपुडी या वर्गात येते. तिच्यातले पिकोसल्फेट आतड्याला चेतवते आणि मॅग्नेशियम पाणी ओढते. पेलाभर पाण्यात पुडी विरघळवून प्यायची, चव लिंबा-संत्र्याच्या सरबतासारखी; म्हणून लोकांना ती आवडते. पण येथे एक फसगत आहे. औषध पेलाभर असले तरी त्यावर दीड-दोन लिटर निवळ पातळ पदार्थ घ्यावेच लागतात. ते घेतले नाहीत तर अंग कोरडे पडते. आणि नुसतेच साधे पाणी ढोसले तर, विशेषतः वृद्धांत, रक्तातले सोडियम उतरून भोवळ, गोंधळ, प्रसंगी झटकेही येतात. मूत्रपिंड दुबळे असेल तर मॅग्नेशियम अंगात साठते. अशांनी ही पुडी घेऊ नये. सल्फेट क्षारांची द्रावणेही याच वर्गातली. साफ चांगले करतात, पण मूत्रपिंडाच्या आणि हृदयाच्या रोग्यांनी विचारूनच घ्यावीत.

तिसरे औषध सोडियम फॉस्फेटचे. पंचेचाळीस मिलिलिटरांच्या दोन मात्रा, एवढेच त्याचे माप. त्यामुळे 1990 नंतर त्याची फार चलती झाली. पुढे ध्यानात आले की, काही जणांच्या मूत्रपिंडात त्यापासून कॅल्शियम-फॉस्फेटचे खडे-कण साचतात आणि मूत्रपिंड कायमचे निकामी होऊ शकते. डिसेंबर 2008 मध्ये अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने त्याविरुद्ध सर्वांत कडक इशारा दिला, आणि तेव्हापासून ते नेहमीच्या वापरातून मागे पडले. अजून कोठे हे तोंडाने घेण्याचे औषध सुचवले गेले, तर वय, रक्तदाबाची औषधे आणि मूत्रपिंडाचा इतिहास स्पष्ट सांगून, दुसरे काही चालेल का, असे निःसंकोच विचारावे. सोपे माप पाहून औषध निवडणे किती महाग पडू शकते, याचा हा नमुना आहे.

एवढे ऐकून श्रोते विचारतील, मग सर्वांत चांगले औषध कोणते? आमचे उत्तर असे की, ज्यांना मूत्रपिंड, हृदय, यकृत यांचा विकार आहे किंवा जे फार वृद्ध आहेत, त्यांनी पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या बाहेर सहसा जाऊ नये. ज्यांना जुनाट बद्धकोष्ठ आहे, जुना मधुमेह वा कंपवात आहे, अफूच्या वर्गातली वेदनाशामके चालू आहेत, किंवा ज्यांची मागची तयारी फसली होती, त्यांना अधिक मोठी मात्रा लागते. हाच तो क्रूर कोष्ठ. आणि बाकी निरोगी माणसाला, जे औषध तो शेवटच्या घोटापर्यंत पिऊ शकेल तेच चांगले. या बाकीच्यांच्या बाबतीत कोणती पुडी, यापेक्षा ती केव्हा घेतली, याने अधिक फरक पडतो.

हा वेळेचा मुद्दा नीट समजून घेऊ या. पूर्वी सारे औषध आदल्या संध्याकाळी देत. रात्री आतडे स्वच्छ होई. पण माणूस झोपला तरी पोट झोपत नाही. लहान आतड्यातून पित्तमिश्रित चिकट रस रात्रभर पाझरत राहतो आणि सकाळपर्यंत उजव्या बाजूच्या आतड्यावर त्याचा लेप बसतो. रात्री सारवलेल्या अंगणात पहाटे पुन्हा पाने पडावीत तसे हे आहे. म्हणून आता औषधाचे दोन भाग करतात: अर्धे आदल्या संध्याकाळी, अर्धे तपासणीच्याच दिवशी. दुसरा भाग तपासणीपूर्वी चार ते सहा तास आधी सुरू करावा आणि निदान दोन तास आधी संपवावा. तपासणी अकराला असेल तर पहाटे पाच-सहाला आरंभ आणि नऊच्या आत शेवट. तपासणी दुपारची असेल तर सगळी मात्रा त्याच सकाळी घेतली तरी चालते. पहाटे उठण्याचा त्रास आहे खरा. पण काकडआरतीला पहाटे उठणाऱ्या आपल्या समाजाने त्याचे भय बाळगू नये.

दुर्बीण पाहणारेही या स्वच्छतेला गुण देतात. 2009 साली बॉस्टनमध्ये ठरलेल्या पद्धतीत आतड्याचे उजवा, मधला आणि डावा असे तीन भाग करून प्रत्येकास शून्य ते तीन गुण देतात. एकूण नवांपैकी किती, यापेक्षा प्रत्येक भागास निदान दोन आहेत ना, हे पाहायचे. आपला तपासणीचा कागद हाती आला की, ‘तयारी कशी होती?’ एवढा एक प्रश्न अवश्य विचारावा. ‘दोष नाही’ या शब्दांचे वजन त्या उत्तरावर ठरते.

आता थोडे खाण्याविषयी. आदल्या दिवशी चोथा नसलेले हलके खाणे पुरे: मऊ पांढरा भात, गाळलेल्या डाळीचे पातळ वरण, साल काढलेला उकडलेला बटाटा. भाकरी, पालेभाजी, मटकीची उसळ, पेरू, अंजीर, टोमॅटो, वांगे, तीळ, जवस हे त्या दिवशी वर्ज्य. कारण बी आणि साल दुर्बिणीची वाट अडवतात. आणि येथे एक खास आपल्याकडचा घोटाळा आहे. ‘उपास करा’ म्हटले की माणसे साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू खाऊन येतात! हा एकादशीचा उपास नव्हे. त्यानंतर फक्त निवळ पदार्थ: गाळलेले लिंबूसरबत, दुधाशिवाय चहा, गाळलेल्या पेजेचे पाणी, शहाळे. शहाळ्यात पोटॅशियम फार, म्हणून मूत्रपिंडाच्या रोग्याने ते टाळावे. कोकमाचे सरबत आणि बीट मात्र कोणीच घेऊ नये. त्यांचा लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. लोहाच्या गोळ्या पाच-सात दिवस आधी विचारून थांबवाव्यात, कारण त्यांनी मळ काळा व चिकट होतो. मधुमेहाची, रक्त पातळ करण्याची आणि लघवी वाढवण्याची औषधे मनाने चालू ठेवू नयेत आणि मनाने बंदही करू नयेत. त्यांचे वेळापत्रक आधी लिहून घ्यावे.

द्रावण थंड करून प्यावे, दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला. मळमळले तर अर्धा तास थांबून पुन्हा सुरू करावे. उलट्या थांबत नाहीत, पोट फुगून दुखते आहे आणि शौचालाही होत नाही, असे झाले तर मात्र पुढे एक घोटही न घेता डॉक्टरांना गाठावे. शेवटी फिकट पिवळे, तळ दिसेल असे पाणी पडू लागले म्हणजे काम झाले. तपकिरी गढूळ पडत असेल तर ते न लपवता सांगावे.

शेवटचा मुद्दा औषधांच्या पुस्तकांत नसतो, पण आपल्या समाजात तोच सर्वांत अवघड. चार-सहा तास शौचकूप मोकळे असल्याशिवाय ही तयारी होत नाही. चाळीत सामाईक शौचालय आहे, घरात एकच मोरी आणि माणसे सात. खेड्यातून पहाटेच्या एस. टी. ने तीन तास प्रवास करून तालुक्याला यायचे आहे. अशा माणसाला ‘दुसरा भाग पहाटे पाचला घ्या’ असे लिहून दिले तर तो काय करील? तो औषध टाकून देईल आणि ‘घेतले’ म्हणून सांगेल. सासूबाई सुनेसमोर, लेक वडिलांसमोर लाजतात; अर्धा तांब्या मोरीत ओततात आणि गप्प बसतात. येथे दोष रोग्याचा नाही. त्याची सोय पाहून दुपारची वेळ देणे, आदल्या रात्री शहरात कोणा आप्ताकडे उतरण्याची व्यवस्था करणे, त्या दिवशी घरातल्या इतरांनी शेजारी सोय पाहणे, रात्री वृद्ध माणसाला आधार द्यायला कोणीतरी जागे राहणे, ही सारी औषधाइतकीच महत्त्वाची उपाययोजना आहे. घरातले कर्ते माणूस ज्या गंभीरपणे लग्नकार्याची यादी करते, त्याच गंभीरपणे त्याने या एका रात्रीची यादी करावी.

आणि ज्यांना शौचावाटे रक्त दिसते आणि ‘मूळव्याधच असेल’ म्हणून जे वर्षानुवर्षे गप्प राहतात, त्यांना आमचे कळकळीचे सांगणे आहे. असेलही मूळव्याध, पुष्कळदा तीच असते. पण ती आहे हे पाहून ठरवावे, लाजून ठरवू नये. एका रात्रीची झोप आणि दोन-चार लिटर बेचव पाणी, एवढीच याची किंमत आहे. ती पुरती मोजावी. कारण अर्धी मोजलेली किंमत येथे वाया जाते आणि खोटा दिलासा मात्र घरी येतो.